बाबाजी नावाचा परदेशी

अच्युत धैर्यवानने कॉलेजात चार वर्षं फ्रेंच घेतलं होतं, पण परीक्षेपलीकडे त्या फ्रेंचचा त्याला कधी उपयोग झाला नव्हता. एकोणीसशे छप्पनच्या जूनमध्ये, तो एम.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना, परेरा सरांनी त्याला आपल्या खोलीत बोलावलं. सरकारी शिष्यवृत्तीवर परदेशातून डझनभर मुलं युनिव्हर्सिटीत शिकायला येणार होती आणि दर मुलामागे इथला एक सोबती नेमायचं ठरलं होतं. सोबत्याने पाहुण्याला शहर दाखवायचं, घरी जेवायला न्यायचं, त्याचं अडलंनडलं पाहायचं.

“तुझा मॉरिशसचा,” सर यादीवर बोट ठेवत म्हणाले. “एस. बाबाजी. तिकडे फ्रेंच चालतं, म्हणून तुझी आठवण झाली.”

“बाबाजी? हे फ्रेंच माणसाचं नाव?”

“मला विचारू नकोस बाबा. यादी दिल्लीहून आलीय.”

घरी ठाकुरद्वारला या नावावर दोन दिवस खल झाला. अच्युतचे वडील मनमोहन धैर्यवान, म्हणजे घरातले भाऊ, हे सॉलिसिटर. त्यांचं मत पडलं की माणूस पारशी असणार. आई म्हणाली, “मला तर गोसाव्याचं नाव वाटतं. मटण खाईल ना तो?” पाहुणा म्हटलं की पाठारे प्रभूंच्या घरात पहिला विचार मटणाचाच व्हायचा.

बोट लागली त्या दिवशी अच्युत बॅलार्ड पिअरवर पुठ्ठ्याची पाटी धरून उभा होता आणि स्वागताचं फ्रेंच वाक्य मनात घोळवत होता. उतारू येत होते, जात होते. गोरा, टोपीवाला दिसला की अच्युत पाटी उंच करी आणि टोपीवाला पुढे निघून जाई. जाड्याभरड्या निळ्या सुटातला, तेल लावून केस चापून बसवलेला एक सावळा तरुण मघापासून पाटीच्या आड येत होता. कोणा साहेबाला उतरवून घ्यायला आलेला माणूस असेल असं वाटून अच्युत त्याला म्हणाला, “जरा बाजूला व्हा हो.”

तरुण बाजूला झाला. मग वाकून त्याने पाटी वाचली आणि स्वच्छ फ्रेंचमध्ये सांगितलं की बाबाजी म्हणजे मीच.

अच्युतला घोटवलेलं वाक्य आठवेना. गिरणी सुटल्यावर लालबागच्या नाक्यावर असे हजार चेहरे त्याने पाहिले होते. त्याची तारांबळ पाहून तो तरुण हसला, हातातली ट्रंक खाली ठेवली आणि म्हणाला, “माका मराठी येता. थोडी. आजयेची.”

“तुम्ही मराठी आहात?”

“सीताराम,” त्याने हात पुढे केला. “सीताराम बाबाजी. पणज्याचा नाव बाबाजी. बोटीच्या कागदार ताच पडला.”

टॅक्सीत बसल्यावर उरलेली हकिकत सीतारामने इंग्रजीत सांगितली. त्याचा पणजोबा कोकणातल्या कुठल्याशा बंदरातून उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून गेला होता. बंदराचं नाव देवगड की मालवण यावर घरात अजून वाद होता; गावाचं नाव तर कोणालाच माहीत नव्हतं. शाळेत फ्रेंच आणि इंग्रजी, रस्त्यावर क्रिओल आणि आजी बोलायला लागली की ही मराठी. अच्युत ऐकत होता, पण मनात एकच घोळत होतं: घरी आईने मटणाची कटलेटं केली आहेत, काटेचमचे घासूनपुसून मांडले आहेत. आता या माणसाला काय म्हणून घरात न्यायचं?

तो प्रश्न सीतारामनेच सोडवला, आणि मग जास्तच अवघड करून ठेवला. दारात त्याने आईशी अदबीने हात मिळवला, “हाऊ डू यू डू, मॅडम” म्हणाला. टेबलावर काटासुरी अशी चालवली की भाऊ नकळत ताठ बसले. साखरेचा भाव, इंग्रज गव्हर्नर, लंडनचे बॅरिस्टर अशी बोलणी छान रंगली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून राधाबाईंचा आवाज आला, “अगो बाय माझे, दूध वर इला!”

सीतारामचा काटा हातातच थांबला. तो उठला, कोणालाही न विचारता सरळ आत गेला आणि राधाबाईंच्या पाया पडला.

राधाबाई वीस वर्षं धैर्यवानांकडे स्वयंपाकाला येत होत्या, चिंचपोकळीहून. सुटाबुटातला पाहुणा पायाशी वाकलेला पाहून त्यांच्या हातातला सांडशीत धरलेला टोप कलंडायचाच बाकी राहिला.

“खंयचो रे तू?”

“मॉरिशसचो.”

“ता खंय इला? वाडीच्या फुडे?”

“दर्यात.”

“दर्यात काय मेल्या माणसा ऱ्हवतत?”

मग अर्धा तास तो स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून होता. बाहेर टेबलावर त्याचं कस्टर्ड तसंच पडून होतं. आतून हसण्याचे आवाज येत होते. आपल्याच घरातल्या पंगतीतून आपण वगळले गेलोय असं अच्युतला वाटत होतं.

पाहुणा गेल्यावर आईने आधी कपबशा आवरल्या, मग तोंड उघडलं. “राधाबाईंच्या पाया पडला, आणि माझ्याशी हात मिळवला! मी काय मड्डम आहे?”

“तुला मान द्यायचा म्हणूनच त्याने...” अच्युत समजूत घालायला गेला आणि मध्येच अडखळला. नेमका कुठला मान मोठा, हे त्यालाही सांगता येईना.

“मुलगा परदेशी आहे की नाही ते एकदा ठरव,” भाऊ म्हणाले. “म्हणजे पुढच्या वेळी काय करायचं ते आम्हाला कळेल.”

अच्युतला ते ठरवता आलं नाही. पुढचे दोन महिने सीताराम त्याच्याबरोबर लायब्ररीत बसला, चौपाटीवर फिरला, इराण्याकडे ब्रून-मस्का खाऊ लागला. अच्युतला वाटे, जमलं आपलं. मग वसतिगृहावर जावं तर सीताराम केनियाच्या आणि इराणच्या मुलांत बसून पत्ते कुटत असे, आणि तिथला त्याचा आवाज, हातवारे, हसणं सगळं वेगळंच असे. रविवारी तो चिंचपोकळीला राधाबाईंच्या चाळीत जाई. त्यांचा भाऊ दत्ताराम गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होता आणि भजनात मृदंग वाजवायचा. त्या भजनात सीताराम अशी पदं म्हणे, जी चाळीतल्या म्हाताऱ्यांनी लहानपणानंतर ऐकली नव्हती, असं राधाबाई कौतुकाने सांगत. अच्युतला कधी तिथे बोलावणं आलं नाही. आपण त्याचे नेमलेले सोबती, आणि आपल्यालाच हा रविवारचा सीताराम माहीत नाही, हे त्याला डाचत राहिलं. पण डाचतं म्हणून कोणाला सांगायचं?

तशात ऑगस्ट उजाडला. मुंबई, गुजरात, महाराष्ट्र सगळं एका द्वैभाषिक राज्यात कोंबायचं असं दिल्लीने ठरवलं आणि शहर पुन्हा तापलं. जानेवारीतल्या गोळीबारापासून अच्युत संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूने मनोभावे उभा होता. भाऊंना ते पटत नसे. “आपण इथे सहाशे वर्षं राहतोय,” ते म्हणत, “मुंबई कोणाची हे आम्हाला कोणी विचारलं नाही ते!” त्यावर अच्युत जास्तच जोरात घोषणा द्यायचा.

दादरला विद्यार्थ्यांची सभा ठरली तेव्हा त्याच्या डोक्यात एक कल्पना आली. सीतारामला नुसतं “सभा बघायला चल” म्हणून त्याने नेलं आणि आपलं भाषण संपताना हात पसरून म्हणाला, “मित्रहो, सव्वाशे वर्षं सातासमुद्रापार राहूनही ज्याने मराठी टाकली नाही, असा एक मराठी माणूस आज आपल्यात बसला आहे!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. पोरांनी सीतारामला अक्षरशः उचलून व्यासपीठावर चढवलं.  तो इंग्रजीत, एकेक शब्द तोलत बोलला.

“मी मॉरिशसचा आहे. माझा देश तो. इथे मी शिकायला आलोय. हे शहर कोणाचं असावं, हे मी सांगणं बरोबर नाही. मला येऊन दोनच महिने झालेत.”

टाळ्या आल्या नाहीत. मागून कोणीतरी ओरडलं, “मग वर कशाला आला रे?” 

परतताना शिवाजी पार्कच्या कठड्यावर दोघं बसले. एरवीसारखं दोघांचं बोलणं इंग्रजीतच चाललं होतं. अच्युत म्हणाला, “तू सगळ्यांसमोर मला तोंडघशी पाडलंस.”

“तू मला विचारलं होतंस?”

“तू मराठी नाहीस का?”

“आहे ना. आमच्याकडे मी मराठी आहे म्हणजे काय, ते मला नीट ठाऊक आहे. आमचं देऊळ आहे, आमचा गणपती आहे, शेजारचे बिहारी आणि तमिळ आहेत. ते आम्हाला मराठे म्हणतात, आम्ही त्यांच्या लग्नाला जातो. इथे सगळेच मराठी. इथे मी कसला मराठी ते मला कळत नाही, अच्युत. तुला कळतं?”

अच्युतने बोलायला तोंड उघडलं. त्याच्याकडे सभेतली वाक्यं होती, पण ती इथे लागू पडत नव्हती. “तसं नव्हे रे,” म्हणत तो कठड्यावरून उठला. त्यानंतर भेटी होत राहिल्या, पण दोघंही अभ्यासाचंच बोलू लागले.

दिवाळीच्या तोंडावर, द्वैभाषिक राज्य सुरू व्हायला दोन-तीन दिवस उरले असताना, राधाबाई भरदुपारी धापा टाकत ठाकुरद्वारला आल्या. लालबागेत काळे झेंडे घेऊन लोक निघाले होते. पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि पंचवीस-तीस जणांना गाडीत घातलं. दत्ताराम सापडला होता. त्याला सोडवायला पुढे गेलेला सीतारामही सापडला होता.

“त्येका कायएक ठावक नाय हो,” राधाबाई पदराने तोंड पुसत म्हणाल्या. “दत्तारामाचो हात सोडूक नाय, म्हणान नेल्यानी.”

भाऊंनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. “त्याचा पासपोर्ट घेऊन जा. परदेशी नागरिक आहे म्हणावं. बाकी एक अक्षर बोलू नकोस.”

अच्युत वसतिगृहावर धावला, ट्रंकेतून पासपोर्ट काढला आणि चौकीवर पोचला. आत बाकांवर, जमिनीवर माणसं बसली होती. कोणाचं डोकं बांधलेलं, कोणाची बाही फाटलेली. त्या घोळक्यात सीताराम अच्युतला लगेच दिसलाच नाही. पांढरा लेंगा, दत्तारामचा सदरा, पायात चपला. दोनदा नजर फिरवल्यावर ओळख पटली.

फौजदार चाळिशीचे, थकलेले गृहस्थ होते. अच्युतने निळा पासपोर्ट त्यांच्यापुढे ठेवला. “साहेब, तो परदेशी आहे. या चळवळीशी त्याचा काडीचा संबंध नाही.”

फौजदारांनी पासपोर्टावरचा ब्रिटिश मुकुट पाहिला, आतलं नाव वाचलं, पुन्हा मुकुट पाहिला. “सीताराम. आणि ब्रिटिश?” त्यांनी हाक मारली. “ए सीताराम! हंयसर ये. खंयचो तू?”

“मॉरिशसचो,” सीताराम उठून म्हणाला.

“परत बोल.”

“मॉरिशसचो, सायबानू.”

फौजदार खुर्चीत मागे रेलले. “हा परदेशी?” ते अच्युतला म्हणाले. “अहो, माझा मामा असाच बोलतो कणकवलीला. कोणाचा पासपोर्ट आणलाय हा?”

“त्याचाच आहे साहेब! फोटो बघा ना! तो मराठी नाही, म्हणजे मराठी आहे, पण इथला नाही.” आपण काय बोलतोय हे अच्युतलाच उमगेना. “सीताराम, सांग ना त्यांना! इंग्रजीत सांग! फ्रेंचमध्ये सांग!”

सीतारामने त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर अच्युतला बरं वाटलं असतं. पण तिथे निव्वळ गोंधळ होता.

“दादरला तू सांगितलंस मी मराठी,” तो हळू म्हणाला. “इथे सांगतोस नाही. दोन्ही वेळा मला न विचारता.”

फौजदारांना या वादात रस नव्हता. परदेशी माणूस कोठडीत ठेवायचा म्हणजे वर कळवा, वकिलातीला लिहा, दहा ठिकाणी खुलासे द्या. त्यांनी कागद ओढला आणि भराभर लिहिलं: मी परदेशी नागरिक असून सदर चळवळीशी अथवा अटक झालेल्या इसमांशी माझा कोणताही संबंध नाही. “सही कर आणि चालता हो. नाही केलीस तर शिष्यवृत्ती जाईल, पुढच्या बोटीने घरी.”

सीतारामने कागद वाचला. छापील देवनागरी त्याला येई, हाताचं लिहिलेलं अजून जड जाई, म्हणून वेळ लागला. ‘अटक झालेल्या इसमांशी’ या शब्दांवर त्याचं बोट थांबलं. त्याने वळून दत्तारामकडे पाहिलं.

“कर रे झिला,” दत्ताराम भिंतीला टेकून म्हणाला. “माझा काय, दोन दिसांनी सुटतलंय. तू शिकूक इलंस मा?”

सीतारामने सही केली. बाहेर आल्यावर तो अच्युतच्या पुढे चालत राहिला. ट्रामच्या थांब्यावर दोघं उभे राहिले. ट्राम आली, सीताराम तीत चढला, अच्युत खालीच राहिला. आपण मित्राला सोडवलं की अडकवलं, हे घरी पोचेपर्यंत त्याला ठरवता आलं नव्हतं. आईने विचारलं, “सुटला ना?” तो “हो” म्हणाला, आणि ते खरंही होतं. तरी खोटं बोलल्यासारखं वाटलं.

दिवाळी आली तशी गेली. आठ दिवस सीताराम दिसला नाही. शेवटी अच्युत वसतिगृहावर गेला तेव्हा त्याच्या खोलीतल्या इराणी मुलाने सांगितलं की तो रोज चारला चिंचपोकळीला जातो आणि जेवणाच्या वेळेला परततो. काय करतो कोण जाणे, परवा हात सोलून आला होता.

अच्युत तसाच निघाला. चाळ शोधायला अर्धा तास गेला. त्याच्या इस्त्रीच्या पांढऱ्या पँटकडे गॅलरीतल्या बायका टक लावून बघत होत्या. मधल्या चौकात नळावर रांग होती, आणि रांगेत, बायकांच्या मधोमध, दोन हंडे घेऊन सीताराम उभा होता.

“हे काय करतोस?”

“पाणी भरतोय. दत्ताराम आत होता, मग पाणी कोण भरणार? राधाबाईंची कंबर धरलीय.” मग जरा थांबून, “तो आज सकाळी सुटला. पण त्याचा खांदा सुजलाय.”

अच्युतने खिशातून हात काढले.  “त्या सहीचं तुला वाईट वाटलं असेल.”

“मला वाटलं दत्तारामला वाईट वाटेल. त्याला काहीच वाटलं नाही. राधाबाई म्हणाल्या, बरा केलंस. मला तेही समजलं नाही.” हंडा नळाखाली सरकवत तो पुढे म्हणाला, “तुला एक सांगू? तू माझी सारखी कोणाला ना कोणाला ओळख करून देतोस. तुझ्या घरी, सभेत, पोलिसांना. ही माणसं विचारतच नाहीत. ती म्हणतात, रांगेत उभा राहा.”

“मग मी काय करायला हवं होतं?”

“माहीत नाही,” सीताराम खरेपणाने म्हणाला. “मी तुझ्या जागी असतो तर मलाही कळलं नसतं. तो दुसरा हंडा धर.”

अच्युतने हंडा धरला. तो त्याला वाटला होता त्याच्या दुप्पट जड निघाला. पहिल्या जिन्यावरच पँटवर पाणी सांडलं. वर खोलीच्या दाराशी खांद्याला हळदीचा लेप लावलेला दत्ताराम खाटेवर बसला होता, भोवती चाळीतले सात-आठ गडी. धापा टाकणाऱ्या, अर्ध्या भिजलेल्या अच्युतला पाहून त्याने भुवई उंचावली. चौकीवर पाहिलेला मुलगा त्याच्या लक्षात राहिला नव्हता.

“हो कोण रे, सीताराम?”

सीतारामने अच्युतकडे पाहिलं. थोडा विचार केला. मराठीत, इंग्रजीत काय शोधलं कोण जाणे, पण तोंडून निघालं ते त्याच्या घरच्या रस्त्यावरचं क्रिओल: “मो कामराद.”

खोलीतली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. मग दत्ताराम दुखऱ्या खांद्यानिशी खाटेवरून उठायला लागला.

“कॉम्रेड? अरे, आधी सांगूचा नाय! बसा, बसा. ए, कॉम्रेडक जागा द्या रे. आक्का, चाय ठेव!” राधाबाई आतून बाहेर आल्या, अच्युतला पाहिलं आणि तोंडाला पदर लावून परत आत गेल्या.

“नाही, मी तसा... ते क्रिओलमध्ये मित्राला...” अच्युत सांगू लागला, पण कोणीतरी त्याच्या हातातला हंडा घेतला, दुसऱ्याने खांदा दाबून त्याला घोंगडीवर बसवलं. एक पोक्त गिरणीकामगार त्याच्याकडे सरकला आणि गंभीरपणे विचारता झाला, “कॉम्रेड, पुढची सभा कामगार मैदानावर का? लाल बावट्याचा काय म्हणणा?”

अच्युतने सीतारामकडे पाहिलं. ‘यांना खरं काय ते सांग’ अशी विनवणी त्याच्या डोळ्यांत होती. सीताराम उंबऱ्यावर बसून भिजलेला लेंगा पिळत होता आणि त्याचे खांदे हसण्याने गदगदत होते. दादरच्या सभेनंतर तो पहिल्यांदाच असा हसत होता. 

माणसं वाट बघत होती. अच्युत खाकरला.

“बहुतेक,” तो म्हणाला.

लोकांनी समजल्यासारखी मान हलवली. आतून चहाचा वास यायला लागला होता.